श्वास रोखा

चौतीस वर्षं मी माणसांना एकच वाक्य म्हणत आले:
दीर्घ श्वास घ्या. रोखा. हलू नका.
पालिकेच्या दवाखान्यात, काचेच्या आडून,
अंगावर शिशाचा एप्रन.
लोक एक्स-रे म्हणायचे नाहीत. म्हणायचे,
बाई, छातीचा फोटो काढायचाय.
कुणी कुणी केसांवरून हातही फिरवायचे.

आता सहकारनगरात, तळजाईच्या पायथ्याशी,
मागच्या दारी आठ बाय वीसची जागा,
महागाई भत्त्याच्या फरकातून घेतलेला कॅमेरा,
पासोड्या विठोबाजवळून आणलेली जुनी लेन्स.
आत कधीतरी धुळीचा कण शिरलाय,
माझ्या प्रत्येक आभाळात तो उजव्या कोपऱ्यात असतो.

आणि इथे माझं कुणी ऐकत नाही.
दयाळ शेपूट उभारतो नि पाठ फिरवतो.
नाचण तर नावाला जागणारा.
म्हणून श्वास मीच रोखते.
गुडघा कुरकुरला, तेवढा आवाजही शिंजीरला पुरतो.

कार्तिक संपता संपता धोबी येतो.
टाकीखालच्या ओलीत शेपटी वर-खाली करत हिंडतो,
हिमालयाकडून आलाय म्हणे, पण चाल
पाण्याचं मीटर तपासायला आलेल्या माणसाची.
माघात फोटोत नुसत्या फांद्या येतात,
पांढऱ्या आभाळावर काळ्या.
मी मनात उलटं करून पाहते: काळ्यावर पांढऱ्या.
बरगड्या ओळखीच्या निघतात.

चैत्रात तांबट. दिवसभर ठोके,
तांबट आळीतलं कुणी इथे राहायला आल्यासारखे.
तीन चैत्र झाले. आवाज मिळालाय, फोटो नाही.

आषाढात कॅमेरा तांदळाच्या डब्यात निजतो.
श्रावणात केना निळा होतो, तोही अकरापर्यंत,
मग मिटून त्याचं पाणी.
कुकर लावून गेलं की हुकतो, म्हणून कुकर नंतर.
कढीपत्त्यावर लिंबाळीच्या अळ्या,
आधी पाखराच्या शिटेसारख्या, मग एके सकाळी पोपटी.
नेर्लेकर वहिनी फोडणीला डहाळी मागतात.
मी मंडईतून जुडी आणून देते.

भाद्रपदात सोसायटीची नोटीस:
मागील बाजूचे रान काढावे. डास.
सोपानराव विळा घेऊन आले.
आघाडा, टाकळा, एकदांडी, सगळं माजलेलं,
आणि मी नेमकी गुडघ्यांवर, समोर
शिंप्यानं दोन पानं टाचून केलेलं घर,
आत हालचाल.
तोंडून गेलंच:
हलू नका. श्वास रोखा.

सोपानराव थांबले. विळा अर्ध्यात.
मग हळूच म्हणाले,
बाई, हा आवाज ऐकलाय मी.
आमच्या मंडळींना आणलं होतं, एकोणनव्वद साली.
फोटोत काय आलं, विचारलं तुम्हाला.
तुम्ही म्हणालात, डॉक्टर सांगतील.

मला आठवलं नाही. रोज साठ-सत्तर छात्या.
नियमच होता तसा,
आधी दिसायचं आम्हाला,
सांगायचं मात्र नसायचं.
ओल्या फिल्मा तारेवर टांगायच्या
आणि पुढचं नाव पुकारायचं.

त्यांनी विळा खाली ठेवला, हात पायजम्याला पुसले,
कॅमेऱ्याच्या एवढ्याशा पडद्यावर वाकले.
फोटोत काय आलं?

पान आलं होतं. टाके आले होते,
धागा कोळ्याच्या जाळ्याचा असावा.
पिलू हललेलं, नुसती पिवळट रेघ.
मी बोट ठेवून एकेक सांगितलं.
उजव्या कोपऱ्यातला ठिपका काय, विचारलं त्यांनी.
तेही सांगितलं. धूळ आहे. धूळच आहे.
ते बराच वेळ त्या ठिपक्याकडे बघत राहिले.

रान त्यांनी कडेकडेनं काढलं, मधलं ठेवलं.
सेक्रेटरींना सांगितलं,
तिथं धामण असते.